अपग्रेड झालं आणि पडदा काळा

परवा रात्री साडेदहाची गोष्ट. नगरपालिकेच्या सभेची बातमी अर्धी लिहून झालेली आणि मला दुर्बुद्धी सुचली. उबुंटू बरेच दिवस नव्या आवृत्तीसाठी मागं लागलं होतं. म्हटलं, बातमी सेव्ह करू, चहा होईपर्यंत अपग्रेड होऊन जाईल. चहा झाला, मशीन रिस्टार्ट झालं आणि पडदा काळाकुट्ट. पंखा फिरतोय, दिवा लागलाय, दिसत काहीच नाही.

ओळखीच्या डीटीपीवाल्या पोराला फोन केला. "दादा, फॉरमॅट मारा." आपल्याकडं सगळ्या रोगांवर हे एकच औषध! आत २०१९ च्या महापुराचे फोटो आहेत, ते कुठून आणू?

मराठी माणसाला हे पडद्याचं दुखणं तसं नवीन नाही. डॉसच्या काळात संगणकावर देवनागरी दिसायचीच नाही. आयआयटी कानपूरला मोहन तांबे यांच्या कामातून उभं राहिलेलं जिस्ट तंत्रज्ञान पुढं पुण्याच्या सी-डॅकमध्ये आलं. त्याचं कार्ड मशीनमध्ये खोचलं की मराठी अक्षरं उमटायची. तेव्हाही डोळा आणि मशीन यांच्यामध्ये एक कार्डच होतं.

लिनक्स आलं १९९१ ला. पडद्यावर खिडक्या दाखवणारी एक्स विंडो ही व्यवस्था त्याहून जुनी, अमेरिकेतल्या एमआयटीत १९८४ ला सुरू झालेली. सुरुवातीला मॉनिटरची वारंवारता फाईलमध्ये हातानं लिहावी लागे. आकडा चुकला तर काचेचा मॉनिटर बिघडण्याची भीती. २००९ पासून पडदा उघडण्याचं काम हळूहळू कर्नलकडं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडं गेलं. सोय झाली, पण मेखही तिथंच बसली. कर्नल आपली आतली रचना बदलत राहतो. जे ड्रायव्हर त्याच्या घरात आहेत ते सोबत बदलतात, बाहेरचे मागं राहतात.

आपल्या मलकापूरला चोवीस तास पाण्याची योजना आहे. समजा पाईप नगरपालिकेचा, पण मीटरची रचना फक्त बनवणाऱ्यालाच ठाऊक. पाईप बदलला की त्याचा माणूस येईपर्यंत आपण कोरडे. ग्राफिक कार्डाचं तेच.

एनव्हीडियानं वर्षानुवर्षं आपला ड्रायव्हर बंदच ठेवला. तेव्हा बाहेरच्या कार्यकर्त्यांनी कार्डाचं वागणं तपासत 'नूवो' नावाचा खुला ड्रायव्हर बनवला, तो २०१० ला कर्नलमध्ये आला. २०१२ ला फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात खुद्द लिनस टोरवाल्ड्सनं कॅमेऱ्याकडं मधलं बोट दाखवून या कंपनीचा उद्धार केला. (आपल्या सभागृहात असं झालं असतं तर माझी पहिल्या पानाची सोय झाली असती.) मे २०२२ ला कंपनीनं ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग खुला केला, पण तोही साधारण २०१८ नंतरच्या कार्डांपुरता. जुन्यांना त्याचा उपयोग नाही. आणि आपल्या शाळांत, सेवा केंद्रांत, माझ्यासारख्याच्या टेबलावर असतात ती सेकंडहँड, जुनीच यंत्रं. चालतं मशीन भंगारात जायचं की अजून पाच वर्षं चालायचं, हे अशा कुणा दूरच्या माणसानं फुकट लिहिलेल्या ड्रायव्हरवर ठरतं.

माझ्या बाबतीत चूक माझीच होती. दोन वर्षांपूर्वी ड्रायव्हर नेटवरून उतरवून हातानं बसवला होता. तो जुन्या कर्नलच्या मापाचा, नव्याला बसेना. कंट्रोल, आल्ट आणि एफ३ एकत्र दाबल्यावर काळ्यावर पांढऱ्या अक्षरांत नाव-पासवर्ड विचारणारी ओळ आली. जिवात जीव आला. मशीन जिवंत होतं, फोटो जागेवर होते. तिथूनच तो ड्रायव्हर काढला, उबुंटूच्या स्वतःच्या भांडारातला घातला. हा कर्नल बदलला की स्वतःला नव्यानं जुळवून घेतो. पुन्हा रिस्टार्ट केलं आणि पडदा उघडला.

तोवर पावणेदोन झाले होते. बातमी पाठवली, पण पान केव्हाच सुटलं होतं. सभेची बातमी दुसऱ्या दिवशी आली, आतल्या पानावर, चार ओळींत.