फिट्झरॉयचे शनिवार

शनिवार, २२ डिसेंबर १८८८. तुम्ही मेलबर्नमध्ये उभे आहात आणि ऐन डिसेंबरात कपाळावरून घाम ओघळतो आहे. रस्त्याखालून सरकणाऱ्या तारेच्या दोराने ओढलेली ट्राम तुम्हाला रिचमंडच्या बाजूला उतरवते. पुढे गर्दी नेईल तिकडे चालायचं. काळ्या कोटातले पुरुष, पांढऱ्या छत्र्या घेतलेल्या बायका, कुंपणावर चढू पाहणारी पोरं. सगळे मेलबर्न क्रिकेट ग्राउंडकडे निघालेत. आत पोचता तेव्हा सुमारे दहा हजार माणसं बसलेली आहेत, आणि जिथे यष्ट्या असायला हव्यात तिथे गवतावर एका कोपऱ्यावर उभा केल्यासारखा चौकोन आखलेला आहे.

हे काय चाललंय ते शेजारच्याला विचारू नका. त्यालाही ठाऊक नाही.

अमेरिकेतून दोन संघ आलेत. एक शिकागोचा, कप्तान एड्रियन अ‍ॅन्सन. दुसरा बाकीच्या अमेरिकेतून निवडलेला, कप्तान जॉन वॉर्ड. पिचर आखलेल्या चौकटीतून, जेमतेम पन्नास फुटांवरून चेंडू सोडतो. आज आपण ओळखतो ते साडेसाठ फुटांचं अंतर यायला अजून पाच वर्षं आहेत. बॅट गोल, दांडक्यासारखी. लहानपणी विटीदांडू खेळला असाल तर हात आपोआप शिवशिवतील. बॅटिंग या लोकांच्या पसंतीला फारशी उतरत नाही. सरळ बॅटने चेंडू जमिनीलगत काढण्यात ज्यांनी जन्म घालवला, त्यांना हे आडवं फटकावणं ओबडधोबड वाटतं. पण तेवढ्यात चेंडू दूर उडतो, एक खेळाडू धावत्या पावलांनी तो पकडतो आणि त्याच वळणात असा फेकतो की टप्पाच पडत नाही. थेट हातात. दहा हजार माणसं एकदम उठतात. तुम्हीही उठता. या देशाने बेसबॉलकडून पहिली गोष्ट उचलली ती ही फेक.

एका गोष्टीकडे पाठ फिरवू नका. या ताफ्यात क्लॅरेन्स ड्युव्हाल नावाचा एक कृष्णवर्णीय तरुण आहे. त्याला रंगीबेरंगी कपडे घालून 'शुभशकुन' म्हणून नाचवत देशोदेशी नेलं जातंय. खेळायला त्याला कुणी मैदानात घेत नाही. टाळ्या वाजवणाऱ्यांना त्यात काही वावगं दिसत नाही. तुम्हाला दिसेल, आणि ते लक्षात ठेवायला हवं.

ताफ्याचा मालक आल्बर्ट स्पाल्डिंग हा बॅटी-चेंडू विकणारा व्यापारी. खेळ रुजला तर दुकान रुजेल, असा त्याचा हिशेब. सिडनी, मेलबर्न, अ‍ॅडलेड, बॅलरॅट करून त्याचे खेळाडू पुढे जगाच्या फेरीवर निघून जातात. मागे राहतो तो हॅरी सिम्पसन हा त्याचा माणूस. मोठ्या सामन्याचा गाजावाजा ओसरल्यावर गावोगाव फिरून क्लब उभे करायचं, नियम समजावायचं किचकट काम त्याच्या वाट्याला आलं. १८९१मध्ये तो ऑस्ट्रेलियातच वारला, घरापासून हजारो मैल दूर. मला स्पाल्डिंगपेक्षा हा माणूस मोठा वाटतो. पेटी घेऊन येणारे पुष्कळ असतात. बी पेरून पावसाची वाट बघत थांबणारा विरळा.

आता थोडं पुढे चला. १९१३, जुलै. पुन्हा शनिवार, पण आता थंडी आहे आणि तुम्ही शहराच्या उत्तरेकडच्या फिट्झरॉयमध्ये आहात. स्पाल्डिंगच्या दौऱ्यापाठोपाठ जिथे बेसबॉलने मूळ धरलं, त्या वस्त्यांपैकी ही एक. कामगारांची वस्ती: खेटून बांधलेली छोटी घरं, काळ्या दगडाच्या फरसबंद गल्ल्या. हवेत गोड वास कसला, म्हणून थबकता. मॅकरॉबर्टसनच्या मिठाईच्या कारखान्यातून तो चॉकलेटचा वास येतोय.

एडिनबरो गार्डन्सला लागून अल्फ्रेड क्रेसेंटची शाळा आहे. बारा वर्षांचा एक आडव्या बांध्याचा मुलगा बघा. वडील पोस्टमन. नाव बिल पॉन्सफर्ड. उन्हाळ्यात क्रिकेट, हिवाळ्यात बेसबॉल, अशी त्याच्या वर्षाची सरळ वाटणी. पुढे हा मुलगा मेलबर्नच्या त्याच मोठ्या मैदानावर १९२३मध्ये ४२९ आणि १९२७मध्ये ४३७ धावा करणार आहे. आकडे आपल्याकडच्या जुन्या क्रिकेटवेड्यांना तोंडपाठ असतात. तोच पॉन्सफर्ड कॅचर म्हणून व्हिक्टोरियाकडून बेसबॉल खेळला आणि त्याच्या काळातल्या सर्वोत्तम बेसबॉलपटूंत गणला गेला, हे मात्र आपल्यापर्यंत फारसं पोचलं नाही.

हिवाळाच का? कारण उन्हाळ्यात मैदानं क्रिकेटची. खेळाडूही बरेचसे तेच. मग बेसबॉलने थंडीचे चार महिने मागून घेतले. तेही पूर्ण नाहीत, कारण हिवाळ्यावर फुटबॉलचा हक्क. म्हणून पुढच्या काळात मेलबर्नच्या फुटबॉल मैदानांवर मुख्य सामन्याआधी बेसबॉलचे सामने व्हायचे. स्टँड अर्धे रिकामे, गवत दवाने ओलं. लोक येतात ते फुटबॉलसाठी जागा धरायला. पण जागा धरता धरता माणूस बघतोच, आणि बघता बघता त्याला कळू लागतं. दुसऱ्याच्या घरातल्या ओसरीवर राहून या खेळाने संसार केला.

फिट्झरॉयमधलाच आर्गाईल स्ट्रीट, १९३८. हार्वी कुटुंबाचं घर. घराशेजारच्या दगडी गल्लीत सहा भाऊ खेळताहेत आणि त्यांत सगळ्यात धाकट्यांपैकी एक, नऊ वर्षांचा नील. रॉकेलचा डबा म्हणजे यष्ट्या. चेंडू दगडाच्या फटीवर पडला की कुठे उडेल सांगता येत नाही, त्यामुळे नजर आणि पाय दोन्ही जागे राहतात. या भावंडांतल्या चौघांनी प्रथम श्रेणीचं क्रिकेट खेळलं. बेसबॉलही घरात तेवढाच मुरलेला. थोडा वेळ थांबा इथे. नीलची फेक बघून घ्या, कारण ती तुम्हाला पुन्हा भेटणार आहे.

तोवर अ‍ॅडलेडहून एक बातमी आलेली आहे. तिथले नॉरी क्लॅक्स्टन यांनी १९३४मध्ये राज्याराज्यांतल्या सामन्यांसाठी ढाल दिली. तिचं नावच क्लॅक्स्टन शील्ड. पहिली तिन्ही वर्षं साउथ ऑस्ट्रेलियाने ती जिंकली. पुढची कित्येक दशकं कुठल्याही क्लबातल्या पोराचं स्वप्न त्या ढालीपाशी जाऊन थांबायचं. ज्यात पैसा नाही अशा खेळाला असं एक लाकूड-धातूचं स्वप्न लागतंच.

१ डिसेंबर १९५६, शनिवार. पुन्हा मेलबर्न क्रिकेट ग्राउंड, पण आता ऑलिंपिकचं. ऑस्ट्रेलियाचे क्लबात घडलेले खेळाडू अमेरिकी लष्कराच्या अतिपूर्वेकडच्या तळांवरल्या संघाशी प्रदर्शनीय सामना खेळताहेत. सुरुवातीला स्टँड विरळ. मग अ‍ॅथलेटिक्ससाठी माणसांचे लोंढे येत जातात आणि सामना चालू असतानाच मैदान भरत जातं. सहाच इनिंग, अमेरिका ११, ऑस्ट्रेलिया ५. त्या दिवशीच्या उपस्थितीचा आकडा सांगतात १ लाख १४ हजार, आणि बेसबॉलच्या सामन्याला जगात जमलेली सर्वांत मोठी गर्दी म्हणून तो पन्नास वर्षांहून अधिक काळ मिरवला गेला. २००८मध्ये लॉस एंजेलिसने तो मोडला. तुम्ही त्या गर्दीत आहात म्हणून खरं सांगता येईल: बहुतेकांचे डोळे धावपट्टीकडे लागलेले आहेत. खेळ जगवला तो या लाखाने नव्हे. फिट्झरॉयच्या ओल्या गवतावर सकाळी बेस मांडायला आलेल्या दहा-वीस जणांनी.

आता मेलबर्न सोडा आणि मुंबईला या. जानेवारी १९६०, ब्रेबॉर्न स्टेडियम. वाळूच्या पिशवीसारखा खचाखच भरलेला नॉर्थ स्टँड, शेंगदाण्याच्या पुड्या, कानाला ट्रान्झिस्टर. तुमचे आजोबा कदाचित इथेच कुठेतरी बसलेत. याच सामन्यात अब्बास अली बेगने अर्धशतक ठोकल्यावर एक मुलगी मैदानात धावत येऊन त्याच्या गालाचा मुका घेते. ती आठवण मुंबईने जपली. मी तुम्हाला दुसरीकडे बघायला सांगतो. ऑस्ट्रेलियाच्या डावात नॉर्मन ओ'नील १६३ करतो, नील हार्वी १०२. आणि दोघेही क्षेत्ररक्षणाला उभे असतात तेव्हा सीमारेषेवरून येणारी फेक छातीच्या उंचीवर, आडवी, थेट यष्टिरक्षकाच्या ग्लोव्हजमध्ये पडते. ओ'नील हा तर असा बेसबॉलपटू की न्यूयॉर्क यांकीजची नजर त्याच्यावर गेली होती. ब्रेबॉर्नवर टाळ्या पडल्या त्या फेकीला आर्गाईल स्ट्रीटच्या दगडांचा आणि १८८८च्या त्या दुपारचा धागा आहे. टाळ्या वाजवणाऱ्यांना तो दिसण्याचं कारण नव्हतं.

इयन चॅपल हा त्या साखळीतल्या अखेरच्या मोठ्या नावांपैकी एक. तो साउथ ऑस्ट्रेलियाकडून कॅचर म्हणून क्लॅक्स्टन शील्ड खेळला, आणि स्लिपमधले त्याचे झेल आपण सगळ्यांनी ऐकलेले आहेत. नंतर मुख्य हंगाम हिवाळ्यातून उन्हाळ्यात सरकला. खेळाच्या दृष्टीने ते बरोबरच होतं: कोरडं मैदान, उबदार हात, जगाच्या वेळापत्रकाशी मेळ. त्याची फळंही आली. २००४च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये उपांत्य सामन्यात जपानला १-० हरवून ऑस्ट्रेलियाने रौप्यपदक घेतलं. २०२४मध्ये सिडनीच्या ट्रॅव्हिस बझानाला अमेरिकेतल्या मेजर लीगच्या निवडीत सर्वांत पहिली पसंती मिळाली. पण ज्या मुलाला दोन्ही खेळ येत होते त्याला आता दोनांतून एक निवडावा लागतो. पॉन्सफर्ड आणि हार्वी ज्या वाटणीने घडले ती वाटणी मोडली. मला याचं मनापासून वाईट वाटतं, आणि भारतातल्या शाळांतही सातव्या वर्षीच एका खेळाच्या कोचिंगला जुंपलेली मुलं बघताना ते वाईट वाटणं वाढतं.

परतीच्या आधी शेवटचा थांबा, आजचा. फिट्झरॉयच्या उत्तरेला मेरी क्रीक नावाचा ओढा वाहतो. त्याच्या काठावर मेरी पार्क आहे, आणि तिथे फिट्झरॉयचा बेसबॉल क्लब अजून खेळतो. मेलबर्नमध्ये आज मराठी घरं पुष्कळ आहेत. त्यांतलं एखादं तुमचं किंवा तुमच्या भावाबहिणीचं असेल, तर शनिवार-रविवारी मुलांना घेऊन तिकडे चक्कर टाका. कुंपणालगत उभे राहा. बाहेरच्या गवतातून होमप्लेटकडे येणारी एक फेक बघा, आणि मुलाच्या हातात एक चेंडू द्या.