ई-मेलच्या जोडपत्राची कहाणी

ई-मेलनें छायाचित्र पाठवावें आणि पलीकडे चित्राऐवजीं निरर्थक अक्षरांच्या लांबच लांब ओळी उमटाव्यात, किंवा पत्र पोंचून जोडपत्र मात्र वाटेंतच गळावें, हा प्रकार आतां जुना झाला आहे. त्याचें मूळ शोधूं गेल्यास १९८२ सालापर्यंत मागें जावें लागतें.

त्या वर्षीं ऑगस्टांत इंटरनेटच्या टपालाचीं दोन नियमपत्रकें अमेरिकेंत प्रसिद्ध झालीं. एका सर्व्हरनें दुसऱ्याच्या हवालीं पत्र कसें करावें हें जॉन पोस्टेल यांनीं सांगितलें. पत्राची मांडणी डेव्हिड क्रॉकर यांनीं ठरविली. सर्व्हर म्हणजे या व्यवहारांतील टपालकचेरीच. तीमधून जाणारें प्रत्येक अक्षर सात बिटांत, म्हणजे एकंदर १२८ चिन्हांत, बसलें पाहिजे व ओळ १००० चिन्हांपलीकडे जातां कामा नये, असा दंडक होता. इंग्रजीचें त्यांत भागलें. फ्रेंच स्वरचिन्हांनाहि जेथें जागा नव्हती, तेथें देवनागरीची काय कथा !

बर्कले येथें मेरी ॲन हॉर्टन यांनीं १९८० मध्यें ‘यूयूएन्कोड’ ही युक्ति काढून चित्रांना साध्या अक्षरांचा वेष चढविला होता. पण त्या वेषांत रिकाम्या जागेचाहि चिन्ह म्हणून उपयोग होई, आणि कांहीं सर्व्हर ओळीअखेरची रिकामी जागा निरुपयोगी समजून खुशाल पुसून टाकीत.

१९९२ मध्यें बेलकोरचे नॅथॅनिएल बोरेनस्टाइन आणि इनोसॉफ्टचे नेड फ्रीड यांनीं ‘माइम’ ही पद्धति सिद्ध केली. तिचें खरें शहाणपण एका निश्चयांत आहे : जुन्या कचेऱ्यांना हात लावावयाचा नाहीं. सर्व्हरच्या दृष्टीनें पत्र पूर्वींसारखेंच साध्या अक्षरांचें राहिलें. आंत मात्र त्याचे अनेक खंड पडले. दोन खंडांमध्यें दोन आडव्या रेघांनीं आरंभ होणारी एक सीमारेषा येते, व शेवटच्या सीमारेषेच्या अखेरीसहि तशाच दोन रेघा असतात. चित्रासारख्या मजकुराचे तीन बाइट घेऊन त्यांचीं चार अक्षरें करावयाचीं, आणि तींहि कोणत्याहि यंत्रांत न बिघडणाऱ्या निवडक ६४ चिन्हांतून घ्यावयाचीं, ही ‘बेस-६४’ची रीत. ११ मार्च १९९२ रोजीं बोरेनस्टाइन यांनीं आपल्या गायक-चौकडीचें छायाचित्र व गाणें याच मार्गानें धाडलें. जूनमध्यें नियम प्रसिद्ध झाले, आणि १९९६ च्या नोव्हेंबरांत ते सुधारून निघाले.

या सोयीची किंमत मात्र द्यावी लागली. तिनाचे चार झाल्यामुळें आठ मेगाबाइटांचें जोडपत्र वाटेंत जवळजवळ अकरांचें होतें. दहांची मर्यादा असलेला सर्व्हर तें परत फिरवितो, आणि पाठविणारा आपलें माप आठच असल्याचें शपथेवर सांगतो. दोघेहि खरेंच बोलत असतात ! याहून अवघड दोष मधल्या हातांच्या उपकारबुद्धीनें उद्भवतात. एखादा सर्व्हर पत्राखालीं संस्थेची सूचना चिकटवितो. ती अंतिम सीमारेषेनंतर पडली कीं वाचकाला दिसतच नाहीं. दुसरा एखादा, ज्या ओळीचा आरंभ इंग्रजी ‘फ्रॉम’ या शब्दानें होतो तिच्यापुढें एक बाणचिन्ह घालतो. तेवढ्यानें अंकीय स्वाक्षरी खोटी ठरते.

मराठी पत्राची गत निराळी. यूटीएफ-८ लेखनांत देवनागरीचें प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतें, आणि प्रत्येक बाइट बरोबरीच्या चिन्हापुढें दोन अक्षरांनीं लिहिण्याची माइमची दुसरी रीत वापरल्यास एकट्या ‘क’ला नऊ चिन्हें खर्ची पडतात. कोणती रीत योजिली हें सांगणारी शीर्षओळ हरवली, तर वाचकाच्या हातीं तींच चिन्हें येतात.

दोष हुडकण्याची वाट एकच आहे. पाठविलेलें व पोंचलेलें पत्र मूळ अक्षररूपांत शेजारीं ठेवून ताडून पाहावें. प्रत्येक सर्व्हर आपला शिक्का पत्राच्या माथ्यावर मारतो. म्हणून शिक्के खालून वर वाचावे, म्हणजे प्रवासाचा क्रम कळतो व कोणत्या कचेरीकडे चौकशी करावी हें ठरवितां येतें.

पुढें सर्व्हरांनाहि आठ बिटांची मुभा मिळाली, आणि २०१२ मध्यें पत्त्यांतसुद्धां देवनागरी लिहिण्याचे नियम झाले. तथापि तसा पत्ता वाटेंतील प्रत्येक सर्व्हरनें मान्य करावा लागतो. एकानें जरी नकार दिला, तरी पत्र पाठविणाराकडे परत येतें.