झाकलं, काढलं की फोडलं? भिंतीआड गेलेल्या चित्रांचा इतिहास कसा लिहायचा

संशोधनाचा विषय शोधताना आपण बहुतेक जण 'भारदस्त' काहीतरी शोधतो. एखादी चळवळ, एखादं संस्थान, एखादा दुर्मीळ कागद. आज मात्र मी तुम्हाला मुद्दाम हलक्या वाटणाऱ्या विषयाकडे नेणार आहे: अमेरिकेतल्या थीम पार्कमधली जुनी भित्तिचित्रं. करमणुकीच्या जागेचा कसला आलाय इतिहास, असं वाटत असेल तर थोडं थांबा. 'अमुक कलाकृती नष्ट झाली' हे वाक्य आपण किती सहज लिहितो आणि ते लिहायला किती पुरावा लागतो, हे शिकायला यापेक्षा सोपं उदाहरण मला सापडलेलं नाही.

आधी घटना समजून घेऊ.

कॅलिफोर्नियातलं डिस्नीलँड १९५५ मध्ये सुरू झालं. त्यातला 'टुमॉरोलँड' हा विभाग भविष्यकाळ दाखवण्यासाठी होता. भविष्यकाळाची अडचण अशी की तो लवकर जुना होतो. म्हणून १९६७ मध्ये हा विभाग जवळजवळ नव्याने बांधला गेला. आत शिरताना दोन्ही बाजूंना समोरासमोर इमारती होत्या आणि त्यांच्या वळणदार दर्शनी भिंतींवर मेरी ब्लेअर यांची दोन मोठी भित्तिचित्रं होती. ती भाजलेल्या सिरॅमिक टाइल्सची होती. देशोदेशीची मुलं आणि ब्लेअर यांचे ते ओळखीचे झगझगीत, सपाट रंग.

मेरी ब्लेअर (१९११–१९७८) कोण, हे थोडक्यात. १९४१ मध्ये वॉल्ट डिस्नींबरोबर दक्षिण अमेरिकेच्या दौऱ्यावर गेलेल्या चित्रकारांमध्ये त्या होत्या. पुढे 'सिंड्रेला', 'ॲलिस इन वंडरलँड', 'पीटर पॅन' या चित्रपटांच्या रंगसंगतीवर त्यांचा ठसा उमटला. १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनासाठी तयार झालेल्या 'इट्स अ स्मॉल वर्ल्ड'चं रूपही त्यांच्याच कल्पनेतून आलं. चित्रपटासाठी काढलेली चित्रं पडद्यामागे राहतात. टुमॉरोलँडच्या भिंती मात्र पार्कमध्ये येणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर होत्या.

दक्षिणेकडच्या भिंतीमागे 'ॲडव्हेंचर थ्रू इनर स्पेस' नावाची राइड होती. ती १९८५ मध्ये बंद झाली. त्या जागी 'स्टार टूर्स' आली, जानेवारी १९८७ मध्ये सुरू झाली, आणि त्या बदलात ब्लेअर यांचं चित्र झाकलं गेलं. उत्तरेकडचं चित्र सर्कल-व्हिजन चित्रपटगृहाच्या इमारतीवर होतं. ते १९९८ च्या नूतनीकरणात झाकलं गेलं. त्या इमारतीत 'रॉकेट रॉड्स' या नव्या राइडची रांग आली. आता आकडे मांडून बघा: चित्र ३१ वर्षं दिसत होतं, आणि रॉकेट रॉड्स २००० सालीच बंद पडली.

इथे संशोधकाचं पहिलं काम येतं, ते म्हणजे क्रियापद तपासणं. मी वर दोन्ही वेळा 'झाकलं' असं लिहिलं, 'नष्ट केलं' असं नाही. चाहत्यांच्या लिखाणात तुम्हाला दोन्ही टोकं सापडतील. कुणी लिहितं 'चित्र फोडून टाकलं', कुणी लिहितं 'ते आजही भिंतीमागे जसंच्या तसं आहे'. दोन्ही वाक्यं भावनेला धरून आहेत, पण दोन्हींना वेगवेगळा पुरावा लागतो. नवा दर्शनी भाग उभा राहिलेला फोटो फक्त एवढंच सिद्ध करतो की चित्र आता दिसत नाही. 'फोडलं' म्हणायला तोडकामाची नोंद हवी. 'जसंच्या तसं' म्हणायला भिंत उघडून बघणारा माणूस हवा. फोटोला जेवढं माहीत आहे तेवढंच आपण लिहायचं. भेद बारीक वाटतो, पण जतनाची मागणी करणाऱ्याला तो फार मोठा आहे. फोडलेल्या चित्रासाठी फक्त शोकसभा होते. झाकलेल्या चित्रासाठी निदान अर्ज तरी करता येतो.

दुसरं काम तुलनेचं. याच ब्लेअर यांचं आणखी एक सिरॅमिक भित्तिचित्र फ्लोरिडात, वॉल्ट डिस्ने वर्ल्डमधल्या कंटेम्पररी रिसॉर्ट या हॉटेलात आहे. ते ९० फूट उंच आहे, हॉटेलबरोबर १९७१ मध्ये लोकांसमोर आलं आणि आजही शाबूत आहे. त्यात पाच पायांची एक शेळीसुद्धा आहे, लोक ती मुद्दाम शोधायला जातात. चित्रकार तीच, माध्यम तेच, मालकही तोच. मग एक वाचलं आणि दोन का गेली?

माझं म्हणणं असं की उत्तर चित्रात नाही, भिंतीत आहे. टुमॉरोलँडची भिंत ही एका राइडचा चेहरा होती. राइड बदलली की चेहरा बदलणार, हे ओघानेच आलं. फ्लोरिडातलं चित्र मात्र हॉटेलच्या उंच दालनात मधोमध, लिफ्टच्या गाभ्याभोवती चढवलेलं आहे. लिफ्ट काही कुठल्या नव्या सिनेमाच्या नावाने बदलत नाही. शिवाय तिथला विषय ग्रँड कॅन्यनचा परिसर आहे, भविष्यकाळ नव्हे. 'उद्या'चं चित्र परवा जुनाट वाटतं, दरीचं तसं होत नाही.

पण सावध राहा. तीन भिंतींवरून नियम निघत नाही, फार तर गृहीतक निघतं. ते तपासायला चौथं उदाहरण घ्या. फ्लोरिडातल्याच सिंड्रेला कॅसलच्या आरपार जाणाऱ्या वाटेत पाच मोझेक चित्रं आहेत. आराखडा डोरोथिया रेडमंड यांचा, काचेच्या तुकड्यांचं काम हान्स शार्फ यांचं. तीही १९७१ पासून जागेवर आहेत. ही वाट कुठल्याही एका राइडची नाही, आणि किल्ला तर त्या पार्कची ओळखच आहे. म्हणजे गृहीतक टिकतंय असं दिसतं. आता तुमचं काम उलटं उदाहरण शोधण्याचं: राइड बदलली तरी वाचलेली भिंत, किंवा कायमच्या जागेवर असूनही गेलेली भिंत. स्वतःच्या गृहीतकाचा शत्रू आपणच व्हायचं असतं, नाहीतर ते काम तोंडी परीक्षेत परीक्षक करतात.

तिसरा प्रश्न कायद्याचा. चित्रकाराला किंवा लोकांना काही हक्क नव्हता का? अमेरिकेत दृश्यकलाकारांच्या हक्कांचा संघराज्याचा कायदा १९९० मध्ये आला आणि १९९१ मध्ये लागू झाला. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाला त्यात संरक्षण नाही. कायदा लागू होण्याआधीच्या कृतीला ते मिळतं, पण मूळ कृतीची मालकी कलाकाराने स्वतःकडे ठेवली असेल तरच. दुसऱ्याच्या इमारतीवर कायमच्या बसवलेल्या टाइल्सच्या बाबतीत ती अट पुरी होणं कठीण. आणि ब्लेअर १९७८ मध्येच वारल्या होत्या, दोन्ही चित्रं झाकली जाण्याआधी.

आपल्याकडे काय? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ लेखक-कलावंतांना नैतिक हक्क देतं. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सेहगल यांचं ब्राँझचं भव्य भित्तिशिल्प १९७९ मध्ये उतरवून गोदामात टाकलं गेलं, त्याची मोडतोड झाली. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सेहगल यांच्या बाजूने निकाल दिला. पण त्याच कलमाचं स्पष्टीकरण वाचा: कृती प्रदर्शित न करणं म्हणजे या हक्काचा भंग नव्हे. आता परत वरच्या क्रियापदांकडे या. 'मोडलं' आणि 'झाकलं' यांतला फरक फक्त भाषेचा नाही, तो कोर्टातही फरक पाडू शकतो.

शेवटचा मुद्दा साधनांचा. या चित्रांचे अधिकृत कागद कंपनीच्या स्वतःच्या संग्रहात असतात. डिस्नेचा अभिलेख विभाग १९७० पासून आहे, पण तो खासगी आहे. सरकारी दफ्तरात अर्ज करून कागद मागवतो तसा हक्क इथे चालत नाही. मग उरतात पाहुण्यांचे फोटो, पोस्टकार्डं आणि घरगुती फिल्म. त्यांची तारीख कशी ठरवायची? जुन्या कोडॅक स्लाइडच्या पुठ्ठ्यावर महिना आणि साल छापलेलं असतं. ती तारीख फिल्म धुतल्याची आहे, फोटो काढल्याची नव्हे. सुट्टीतला रोल कॅमेऱ्यात सहा महिने पडून राहू शकतो. म्हणून स्लाइड 'या तारखेनंतर नाही' एवढंच सांगते. त्या जोडीला फोटोत मागे कुठली पाटी आहे, कुठली राइड चालू आहे, हे बघून दुसरी मर्यादा ठरवायची. आणि लक्षात ठेवा, लोक फोटो घरच्यांचे काढतात. आपल्याला हवी असलेली भिंत त्यांच्या खांद्यामागे, अर्धवट कापलेली असते. दहा अर्धवट फोटो जोडून एक भिंत उभी करायची, हेच आपलं काम.

हा अभ्यास करायला अनाहाइमला जायची गरज नाही. तुमच्या गावात बंद पडलेलं थिएटर असेल, जुनी बाग असेल, एसटी स्टँड असेल. तिथली एखादी चित्र असलेली भिंत निवडा आणि चार रकाने आखा: भिंत कशासाठी होती, मालक कोण, शेवटचं कधी दिसलं, आणि पुढे नेमकं काय झालं. चौथा रकाना भरताना क्रियापद दोनदा तपासा. पुरावा नसेल तर तो रकाना रिकामा ठेवा. पुढचं काम कुठे करायचं ते त्या रिकाम्या जागेवरूनच कळतं.