मूलद्रव्यांचे नामकरण

मूलद्रव्यांची नावे व त्या नावांच्या अखेरीस येणारे प्रत्यय ठरविण्याची पद्धती. सोने, चांदी, तांबे, लोखंड, शिसे, कथिल, पारा व गंधक ही मूलद्रव्ये आहेत हे कळण्यापूर्वी हजारो वर्षे माणसाच्या वापरात होती. त्यामुळे त्यांना भाषोभाषी स्वतंत्र नावे आहेत व त्यांत कोणताही नियम आढळत नाही. नियमाची गरज अठराव्या शतकाच्या अखेरीस, नवी मूलद्रव्ये झपाट्याने उजेडात येऊ लागली तेव्हा, भासू लागली.

फ्रान्समध्ये गीतों द मॉर्व्हो, लव्हॉयझर, बेर्तॉले व फूर्क्र्वा यांनी १७८७ मध्ये रासायनिक नामकरणाची पद्धती प्रसिद्ध केली. नावावरून द्रव्याचा गुणधर्म कळावा, हे तिचे सूत्र होते. ‘अम्ल निर्माण करणारा’ या अर्थाचे ऑक्सिजन व ‘जल निर्माण करणारा’ या अर्थाचे हायड्रोजन ही ग्रीक शब्दांवरून बनविलेली नावे तिच्यामुळे रूढ झाली. प्रत्येक अम्लात ऑक्सिजन असतोच, अशी लव्हॉयझर यांची समजूत होती. हंफ्री डेव्ही (१७७८–१८२९) यांनी १८१० मध्ये हायड्रोक्लोरिक अम्लात ऑक्सिजन नसल्याचे दाखवून ती खोडून काढली. नाव मात्र राहिले. जर्मन भाषेत तर या चुकीचे भाषांतरच झाले असून तेथील नावाचा शब्दशः अर्थ ‘आंबट द्रव्य’ असा आहे. त्या मानाने मराठीतील प्राणवायू हे नाव निर्दोष म्हणावे लागेल. डेव्ही यांनी स्वतः क्लोरीन हे नाव देताना सिद्धांताचा आधार टाळला व वायूच्या पिवळसर हिरव्या रंगावरून ते बेतले.

धातूंच्या नावांना ‘–इयम’ हा लॅटिन वळणाचा प्रत्यय लावण्याची प्रथा याच सुमारास दृढ झाली. क्लापरोट यांनी १७८९ मध्ये शोधलेल्या धातूचे युरेनियम हे नाव १७८१ मध्ये सापडलेल्या युरेनस ग्रहावरून पडले. डेव्ही यांनी १८०७ मध्ये पोटॅशपासून पोटॅशियम व सोड्यापासून सोडियम मिळविले. तुरटीतील धातूचे नाव ठरविताना मात्र त्यांची धरसोड झाली. १८०८ मध्ये त्यांनी ॲल्युमियम हे नाव सुचविले व १८१२ मध्ये ॲल्युमिनम हे वापरले. त्याच वर्षी लंडनच्या एका नियतकालिकातील निनावी परीक्षणकर्त्याने ॲल्युमिनियम हे रूप अधिक अभिजात ठरेल असे म्हटले. ब्रिटनमध्ये ते रुजले. अमेरिकन केमिकल सोसायटीने १९२५ मध्ये ॲल्युमिनम हे रूप स्वीकारले. हा भेद अद्याप कायम आहे.

प्रत्ययाने दिशाभूल झाल्याचे ठळक उदाहरण हीलियमचे होय. १८ ऑगस्ट १८६८ रोजी भारतातून दिसलेल्या खग्रास सूर्यग्रहणात सूर्याच्या तेजःशृंगांच्या वर्णपटात एक पिवळी रेषा आढळली. ऑक्टोबरमध्ये नॉर्मन लॉक्यर यांनी इंग्लंडमधून, ग्रहण नसताना, ती पाहिली व ती सोडियमची नाही असे दाखविले. हे नवे मूलद्रव्य धातू असावे या कल्पनेने ‘सूर्य’ या अर्थाच्या ग्रीक शब्दाला ‘–इयम’ जोडण्यात आले. विल्यम रॅम्झी यांना १८९५ मध्ये ते पृथ्वीवर एका युरेनियमयुक्त खनिजातून मिळाले, तेव्हा ते अक्रिय वायू असल्याचे सिद्ध झाले. त्याच्या गटातील आर्‌गॉन, निऑन, क्रिप्टॉन व झेनॉन यांना ‘–ऑन’ हा प्रत्यय लाभला. हीलियम तेवढा धातूच्या वेषात राहिला. सिलिनियम या अधातूचीही स्थिती अशीच आहे.

विसाव्या शतकात नावांचा प्रश्न राष्ट्रीय प्रतिष्ठेचा झाला. अणुक्रमांक १०४ च्या मूलद्रव्याला सोव्हिएट संशोधकांनी कुर्चाटोव्हियम व अमेरिकन संशोधकांनी रदरफोर्डियम म्हटले. आंतरराष्ट्रीय रसायनशास्त्र संघाने १९९७ मध्ये दुसरे नाव मान्य केले व रशियातील डुब्ना या संशोधनकेंद्रावरून १०५ व्या मूलद्रव्यास डुब्नियम हे नाव दिले. या संघाच्या २०१६ च्या नियमांनुसार नव्या मूलद्रव्यांपैकी सतराव्या गटातील नावांस ‘–ईन’, अठराव्या गटातील नावांस ‘–ऑन’ व इतर सर्वांस ‘–इयम’ हा प्रत्यय लागतो. त्याच वर्षी निहोनियम, मॉस्कोव्हियम, टेनेसीन व ओगॅनेसॉन ही नावे मान्य झाली.