काटोलचा दगड आणि आकाशातली जुनी टक्कर

माझ्या टेबलावर अकरा वर्षे एक काळा, जड दगड होता. तुमसरकडच्या एका शेताच्या बांधावर तो मला सापडला. आकाराच्या मानाने वजन जास्त आणि लोहचुंबक थोडे ओढले जाई, एवढ्यावर मी ठरवून टाकले की हा अशनी आहे, म्हणजे आकाशातून पडलेला दगड. शेवटी एका निवृत्त भूवैज्ञानिकांना तो दाखवला. त्यांनी तो हातात फिरवला, बारीक छिद्रांवर बोट ठेवले आणि म्हणाले, "ही फुग्यांची भोके आहेत. हा भट्टीतला स्लॅग आहे. अशनीत अशी भोके सहसा नसतात." चिखला, डोंगरी बुजुर्ग अशा मँगनीजच्या खाणी असलेल्या तालुक्यात काळा जड दगड सापडला तर आधी भट्टी आठवायला हवी होती.

त्या फजितीने मला खऱ्या अशनींकडे वळवले, आणि खरा अशनी फार दूर नव्हता. २२ मे २०१२ रोजी भर दुपारी नागपूर जिल्ह्यातल्या काटोल परिसरात दगडांचा वर्षाव झाला. भंडाऱ्याहून काटोल शंभर-सव्वाशे किलोमीटरवर. गोळा झालेल्या तुकड्यांचे वजन सुमारे १३ किलो भरले. अभ्यासाअंती हा अशनी 'एल-६' गटातला ठरला. 'एल' म्हणजे लोह कमी असलेला गट. 'सहा' हा आकडा सांगतो की दगड त्याच्या मूळ लघुग्रहात दीर्घकाळ तापून मुरलेला आहे.

या दगडात काळ्या, केसासारख्या बारीक शिरा आहेत. दगडावर प्रचंड आघात झाला की त्याचा काही भाग क्षणात वितळतो आणि आजूबाजूच्या थंड दगडामुळे लगेच गोठतो. त्या वितळलेल्या भागाची शीर बनते. आघाताची नोंद राहते ती याच शिरांमध्ये.

ही नोंद वाचायला माणसाला बराच वेळ लागला. २५ ऑगस्ट १८६५ रोजी बिहारमध्ये शेरघाटी येथे एक अशनी पडला. १८७२ मध्ये व्हिएन्नाच्या गुस्ताव चेर्माक यांना त्यात काचेसारखा पदार्थ आढळला. ब्रिटिश म्युझियममधले खनिजतज्ज्ञ मास्कलाइन यांच्यावरून त्यांनी त्याला 'मास्कलिनाइट' हे नाव दिले. पण ही काच बनते कशी, हे तेव्हा उमगले नव्हते. १९६३ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी स्फोटाचा आघात देऊन तशीच काच प्रयोगशाळेत बनवली, तेव्हा कुठे उत्तर मिळाले. नाव आणि कारण यांच्यात ९१ वर्षांचे अंतर. आपल्या लोणारच्या बेसॉल्टमध्येही हीच काच सापडली. लोणार हे ज्वालामुखीचे तोंड नसून आघाताचे विवर आहे, हे १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने ठामपणे मांडले, त्यात या पुराव्याचा वाटा होता.

दाबाने दगड बदलतो ही गोष्ट भंडाऱ्याच्या माणसाला नवी वाटू नये. आपल्या जिल्ह्यात कायनाइट आणि सिलिमनाइट ही दोन्ही खनिजे निघतात. भट्टीच्या तापरोधक विटांसाठी ती वापरतात. दोघांचे रासायनिक सूत्र एकच आहे. दाब आणि तापमान वेगळे पडले म्हणून अणूंची मांडणी वेगळी झाली, आणि एक निळसर पात्यांचे तर दुसरे तंतुमय झाले. म्हणजे खनिज हे त्याने सोसलेल्या दाबाचे मोजमाप असते.

काटोलच्या शिरांत हे मोजमाप फार वरपर्यंत गेले होते. आयआयटी खरगपूरचे सुजय घोष, अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे द्विजेश राय आणि त्यांच्या देशी-परदेशी सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये या दगडात 'ब्रिजमनाइट' सापडल्याचे प्रसिद्ध केले. पृथ्वीच्या पोटात सर्वाधिक प्रमाणात असलेले हे खनिज ६६० किलोमीटरच्या खाली असते. माणसाने खोदलेले सर्वांत खोल भोक आहे जेमतेम १२ किलोमीटरचे. त्यामुळे हे खनिज तिथून आणून पाहणे शक्य नव्हते, आणि निसर्गात नमुना मिळाल्याखेरीज खनिजाला अधिकृत नाव मिळत नाही. ते नाव २०१४ मध्ये मिळाले, १८७९ साली ऑस्ट्रेलियात पडलेल्या टेनहॅम अशनीमुळे. काटोलचे ब्रिजमनाइट तर लोह आणि अॅल्युमिनियम असलेले, म्हणजे पृथ्वीच्या आतल्याशी जवळचे नाते सांगणारे. ते बनायला वातावरणाच्या दाबाच्या दोन लाखांहून अधिक पट दाब लागतो. लघुग्रह लहान असतो, त्याच्या पोटात एवढा दाब कधीच नसतो. मग उरते एकच कारण : दुसऱ्या खगोलाशी टक्कर. दाब क्षणात आला, क्षणात ओसरला, आणि शीर झटकन गोठल्यामुळे खनिजाला पूर्वरूपात परतायला सवड मिळाली नाही.

अशा टकरींचा काळही मोजता येतो. दगडातल्या पोटॅशियमपासून आर्गॉन वायू सावकाश साठत जातो. टकरीच्या उष्णतेने तो निसटला की घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होते. एल गटातल्या अनेक अशनींची घड्याळे सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वी थांबून पुन्हा सुरू झालेली दिसतात. त्या काळी या गटाचा मूळ लघुग्रह फुटला असे मानतात. स्वीडनमधल्या टोर्सबर्गच्या चुनखडीच्या खाणीत त्याच काळच्या थरांतून शंभराहून अधिक जीवाश्म-अशनी निघाले, आणि ते जवळजवळ सगळे एल गटातले आहेत. बिर्गर श्मिट्झ यांनी त्यांचा पाठपुरावा केला. म्हणजे एकाच घटनेचे दोन साक्षीदार मिळाले : आकाशातून आजही पडणारे दगड आणि समुद्रतळाचा जुना गाळ.

इतिहासाच्या नादी लागलेल्या माझ्यासारख्याला यातून एक गोष्ट पटली. काटोलचा दगड बोलला, कारण तो कुठे आणि कधी पडला याची नोंद होती आणि तुकडे अभ्यासकांपर्यंत पोचले. माझ्या दगडाची तारीख मी लिहिली नव्हती. उत्साहात मी तो ब्रशने घासून धुतला होता आणि आत काय आहे ते पाहायला हातोड्याने त्याचा एक कोपरा फोडला होता. तो खराच अशनी असता, तर त्याची साक्ष मीच बिघडवली असती. देव्हाऱ्यात गेलेला किंवा गुपचूप विकलेला तुकडाही असाच मुका होतो.

म्हणून सांगतो : उद्या आपल्या धानाच्या बांधीत असा दगड पडलेला दिसला, तर धुऊ नका, फोडू नका. जागेवरच छायाचित्र घ्या, तारीख-वेळ लिहा, स्वच्छ कागदात गुंडाळा आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवा. आपल्या देशात अशनी सांभाळण्याची जबाबदारी त्यांच्याकडे आहे. बहुतेक वेळा तो स्लॅगच निघेल. माझाही निघाला. तो अजून टेबलावर आहे, आता कागद उडू नयेत म्हणून.