वीस वर्षं कुणी चाललंच नाही तर? पावसच्या पाखाड्या आणि निवृत्त मंडळींची पावलं

एपिसोड सुरू करण्याआधी एक छोटं काम करा. फोनवर नकाशा उघडा आणि पावस ते गणेशगुळे शोधा. रत्नागिरी तालुक्यातली ही शेजारशेजारची गावं. नकाशा गाडीरस्ता दाखवेल, वळणं दाखवेल, मिनिटं सांगेल. आता हाच प्रश्न तिथल्या सत्तरी ओलांडलेल्या एखाद्या आजोबांना विचारा. ते बहुतेक विचारतील, "गाडीने जाताय की पायाने?" कारण त्यांच्या डोक्यात दोन नकाशे आहेत. त्यातला पायवाटांचा नकाशा आपल्या फोनमध्ये नाहीये.

आज त्याच नकाशाबद्दल बोलूया. आणि तो वाचवू शकतील अशा लोकांबद्दल, म्हणजे निवृत्तीनंतर घोळक्याने रानवाटा तुडवणाऱ्या मंडळींबद्दल.

आधी शब्द समजून घेऊ. पाखाडी म्हणजे जांभ्या दगडाची, बहुतेक वेळा पायऱ्यापायऱ्यांची वाट. दोन्ही बाजूंना गडगे, मध्ये एखादा पऱ्ह्या, त्यावर साकव. वाडीतून निघालेली वाट चढण चढून वर सड्यावर जाते. सडा म्हणजे कातळाचं उघडं पठार. तिथून पलीकडच्या गावात उतरायचं. कोकणातली कितीतरी गावं एकमेकांना जोडली गेली ती अशी.

एसटीची पहिली गाडी धावली १ जून १९४८ ला, तीही पुणे ते अहमदनगर. कोकणातल्या आडगावांपर्यंत लाल डबा पोचायला आणखी बराच काळ गेला. तोवर पावसच्या माणसाला रत्नागिरी गाठायची तर चालायचं, आणि भाट्याची खाडी तरीतून ओलांडायची. दक्षिणेला मुचकुंदी नदीच्या मुखावर पूर्णगड, खाली छोटं बंदर. बाजार, लग्न, शाळा, कोर्टकचेरी, सगळं पायावर चालायचं. आपल्याकडे तर देवसुद्धा चालतो! गणेशगुळ्याचा गणपती गणपतीपुळ्याला गेला, असं लोक आजही सांगतात.

पावस म्हटलं की स्वामी स्वरूपानंद आठवतात. जन्म १९०३, मूळ नाव रामचंद्र गोडबोले. तरुणपणी ते स्वातंत्र्याच्या चळवळीत होते, १९३२ मध्ये येरवड्याच्या तुरुंगात होते. पुढे १९७४ मध्ये समाधी घेईपर्यंत, जवळपास चाळीस वर्षं, ते पावसलाच देसायांच्या घरी राहिले. गंमत बघा. स्वामी एका जागी, आणि लोक त्यांच्याकडे येतायत. आज समाधी मंदिराच्या जवळ गाड्या लागतात. दर्शन घ्यायचं, जेवायचं, की पुढे निघायचं. गावातली पाखाडी बघायला थांबणारे थोडेच.

मग वाटा गेल्या कुठे? कुणी मुद्दाम मोडल्या असं नाही. रस्ता आला, मोटारसायकल आली, तरुण मुंबईला गेले. आंब्याच्या बागांना तारेचं कुंपण आलं. वाडीतल्या पाखाड्यांवर ग्रामपंचायतीने सिमेंट घातलं, त्या टिकल्या. पण वाडीच्या वरची, सड्याकडे जाणारी वाट? दोन पावसाळे कुणी फिरकलं नाही की तिच्यात करवंदीची जाळी शिरते.

आणि इथे कायदाही आडवा येतो बरं का. भारतीय सुविधाधिकार कायदा, साल १८८२. दुसऱ्याच्या खासगी जमिनीतून तुम्ही उघडपणे, शांतपणे, हक्काने आणि खंड न पडता २० वर्षं ये-जा केली असेल, तर वहिवाटीचा हक्क मिळू शकतो. पण त्याच कायद्यात उलटी बाजूही आहे. सलग २० वर्षं तो हक्क वापरलाच नाही, तर तो संपू शकतो. सार्वजनिक रस्त्यांचं प्रकरण वेगळं आहे, पण मुद्दा लक्षात आला ना? वाट पायांनी तयार होते आणि पाय थांबले की जाते.

इंग्लंडमध्ये हा वाद रस्त्यावर आला होता. २४ एप्रिल १९३२ ला शेकडो चालणारे लोक, बहुतेक तरुण कामगार, किंडर स्काउट नावाच्या डोंगरावर मुद्दाम घुसले. जमीन शिकारीसाठी राखलेली, बंदी असलेली. पाच जणांना तुरुंगवास झाला. १९४९ मध्ये तिथे कायदा आला आणि पायवाटांचे अधिकृत नकाशे करणं सुरू झालं. नकाशावर नसलेली वाट सिद्ध करायची तर पुरावा म्हणून तिथे म्हाताऱ्या माणसांची साक्षही चालते. "मी लहानपणापासून इथून जातोय," एवढं सांगणारी माणसं हवीत.

आपल्याकडे अशा आठवणींचं मोल किती, ते कातळशिल्पांनी दाखवलं. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी रत्नागिरीचे सडे पायी पालथे घातले. गावकऱ्यांना, गुराख्यांना विचारत विचारत त्यांनी शेकडो चित्रं शोधली. राजापूर तालुक्यातल्या कशेळीला कातळावर कोरलेला हत्ती जवळपास १८ मीटर लांब आहे! २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. गावातल्या जुन्या माणसांना त्या जागा आधीपासून माहीत होत्या. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, इतकंच.

आता निवृत्त मंडळींकडे येऊ. गो. नी. दांडेकरांसारख्यांच्या नादाने साठ-सत्तरच्या दशकात एक अख्खी पिढी गडांवर चढायला लागली. ती पिढी आज पंच्याहत्तरीच्या आसपास आहे. गुडघे कुरकुरतात, पण चालायची खोड गेलेली नाही. त्यांच्या जोडीला मुंबईत नोकरी संपवून गावी परतलेले चाकरमानी. ते शाळेला याच पाखाडीने जायचे. एकाला चालण्याची सवय आहे, दुसऱ्याला वाट आठवते. आणि दोघांकडेही वेळ आहे!

अशा गटाला पावसचा परिसर झकास. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, उजाडता निघायचं, कातळ तापायच्या आत परतायचं. चार-पाच किलोमीटर पुरे. उतारावर काठी हवीच, कारण चढताना दम लागतो, पण गुडघे दुखतात ते उतरताना. सर्वांत हळू चालणारा माणूस पुढे ठेवायचा. आणि भरपूर थांबायचं. थांबलं की कुणीतरी बोलतं: ही अमक्यांची बाव, इथे गुरं पाण्यावर यायची, इथून नवरीची डोली गेली होती. तो इतिहास कुठल्याही दप्तरात लिहिलेला नाही.

तुमचं काम सोपं आहे. पुढच्या वेळी गावी गेलात की आजी-आजोबांच्या मागे चाला. फोनमध्ये वाटेची नोंद चालू ठेवा. बावीचं, वळणाचं, मोठ्या झाडाचं नाव विचारा आणि त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करा. खासगी बागेतून जायचं तर आधी मालकाला विचारा. पाणी त्यांच्यासाठीही घ्या, आणि पुढे पळू नका.

वीस वर्षं म्हणजे फार मोठा काळ वाटतो. पण तुमच्या घरातलं कुणी त्या पाखाडीवरून शेवटचं कधी चाललं होतं? आज घरी विचारा. आणि उत्तर आम्हालाही कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!