बरव्यांचं घड्याळ आणि झाडाचं पान

फेब्रुवारी २०१९. मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात प्रभाकर बरवे यांच्या चित्रांचं प्रदर्शन उघडलं. स्थानिक कलावंतांच्या समित्या मोडीत निघाल्या, आता निर्णय दिल्लीतून होणार, असं अमोल पालेकर बोलत होते. त्यांना मध्येच अडवलं गेलं. बातमी तीच झाली. आम्हा पत्रकारांनाही चित्रांकडे बघायला सवड झाली नाही.

बरवे १९३६ साली अलिबागजवळच्या नागावात जन्मले. जे.जे.त शिकून १९६१ला वाराणसीच्या विणकर सेवा केंद्रात लागले. काम काय, तर कापडाची नक्षी. म्हणजे बाजारात खपेल असं काहीतरी. स्वतःच्या चित्रात मात्र त्यांनी वस्तू बाजारातून बाहेर काढल्या. घड्याळ, सेफ्टी पिन आणि शेजारी झाडाचं पान, शिंपला. सगळं रिकाम्या जागेत तरंगतंय. रंगही बऱ्याचदा दारं-खिडक्यांना लावतो तो ऑइलपेंट! दालीने १९३१ साली घड्याळं वितळवली. बरव्यांनी फक्त त्यांच्यावरची किंमत पुसली. पान आणि घड्याळ एकाच मोलाचं झालं.

आपल्या फलटणच्या बाजारपेठेतून जाताना हे आठवतं. जाहिरातीचा फलक झाडालाच ठोकलेला दिसतो, तेव्हा फलक वाचला जातो, झाड दिसत नाही. आपण काय बघायचं, हे कधी दुकान ठरवतं, कधी दिल्ली. पालेकरांचा प्रश्न आणि बरव्यांची चित्रं मला म्हणूनच वेगळी वाटत नाहीत.

बरवे १९९५ साली गेले. त्यांचं 'कोरा कॅनव्हास' वाचनालयात मिळालं, तर जरूर वाचा.